गावाचा वाटा

पाणी देवळाच्या कळसाशी

कळसावर बगळा येऊन बसला की समजायचं, पाणी उतरायला लागलं. एरवी कळस पाण्याखाली असतो, आणि धरणाच्या एवढ्या मोठ्या फुगवट्यात बगळ्याला टेकायला धुरपदाबाईच्या हॉटेलाचा पत्रा आणि तिथली दोन झाडं सोडली तर जागा नसते.

तर हे बेट. तापीवर धरण झालं, पाणी मागे मागे सरकत आलं आणि एका सकाळी जुन्या गावात शिरलं. गाव आधीच उठलं होतं. घरांची लाकडं, दारं, जनावरं आणि मारुती बैलगाड्यांत घालून ते वरच्या माळावर, आखीव गल्ल्यांच्या नव्या गावात जाऊन बसलं. देऊळ रिकामं राहिलं. गावामागचं टेकाड तेवढं पाण्याच्या वर उरलं, पाणी त्याच्या चारी अंगांनी फिरलं, आणि टेकाडाचं बेट झालं. वर एक निंब, एक चिंच, बोरीची जाळी आणि दोन कुडाची घरं. एक झुलाल नावाड्याचं, एक धुरपदाबाईचं. झुलाल नव्या गावात गेला नाही, कारण नावेला पाणी लागतं. धुरपदाबाई गेली नाही, कारण

कारण पुढे येईल. आधी जेवून घ्या.

हॉटेलात एकच पदार्थ मिळायचा: काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शेवया. वर तेलाचा तवंग, सोबत कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पहिल्यांदा ऐकणारा तोंड वाकडं करी. शेवया दुधातल्या, साखरेतल्या, जावयाच्या ताटातल्या. त्यांचं रश्श्यात काय काम? पण आधी इथे शेवभाजी मिळे, आणि एका पावसाळ्यात तिच्यासाठी पलीकडून येणारी शेव नावेतच भिजून लगदा झाली. पाहुणे येऊन बसलेले, रस्सा चुलीवर उसळत होता, आणि धुरपदाबाईने दोरीवर वाळलेल्या शेवयांची मूठ त्यात सोडली. त्यानंतर बेटावर येऊन शेवभाजी कोणी मागितली नाही. बोदवड स्टेशनवरचे हमाल यायचे, केळीचे व्यापारी यायचे, शाळा तपासायला निघालेले साहेब शाळा सोडून आधी इकडे यायचे. एकदा तर एक वरात वाट वाकडी करून आली होती. नवरदेवाने मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि रस्सा पुन्हा मागितला.

खाणारे म्हणत, या रश्श्याला पाण्याचा वास आहे. वाईट नव्हे, बुडालेल्या विहिरींचा, बुडालेल्या निंबोण्यांचा, ज्या अंगणात कोणी लहानपणी झोपलं असेल त्या अंगणाचा. जेवून परतताना नावेत कोणी बोलत नसे. वल्ह्याचा आवाज ऐकत माणसं पाण्याखाली बघत बसायची, जणू आत काहीतरी विसरून आलीत.

पाणी देवळाच्या चौकटीशी

हातशेवई एकट्या बाईचं काम नाही. एका टोकाला उंच, एका टोकाला ठेंगणा असा लाकडी पाट असतो. वरच्या टोकाशी बसलेली तळव्याखाली कणीक वळते, खालच्या टोकाशी बसलेली सूत ओढून काडीवर घेते. जुन्या गावात खालच्या टोकाला भागाबाई बसायची. भागाबाई नव्या गावाला गेली, आणि एका उन्हाळ्यात, कोणी काही न बोलता, झुलाल तिच्या जागेवर येऊन बसला. नावेचे दोर वळून वळून त्याच्या बोटांना एक समज आली होती. किती ओढलं की वाढतं आणि किती ओढलं की जातं, ते त्यांना सांगावं लागत नसे.

कणीक सकाळीच तिंबलेली, ओल्या फडक्याखाली निजलेली, तिचा लिंबाएवढा गोळा धुरपदाबाईच्या तळव्याखाली फिरायला लागला की त्यातून एक सूत निघे आणि पाटावरून घरंगळत खाली झुलालच्या बोटांत जाई आणि त्याच्या बोटांतून काडीवर आणि एका काडीवरून दुसऱ्या काडीवर, आणि उन्हाची तिरीप त्यातून आरपार दिसे, आणि वाऱ्याने ते हले पण तुटत नसे, आणि धुरपदाबाईला वाटे की हे सूत असंच टेकाडावरून उतरून पाण्यात जावं, पाण्यातून देवळावरून, पारावरून, भागाबाईच्या ओट्यावरून, आपल्या उंबऱ्यावरून, थेट गेलेल्या नवऱ्याच्या, पुनाच्या

तुटलं.

"झुलालभाऊ, ध्यान कुठी हाये तुमचं?"

"पाण्याकडे," झुलाल म्हणाला. "लय उतरून राह्यलं औंदा. अक्का, पिंपळाचा पार उघडा पडीन असं दिसतं."

"पडू द्या. लोक पायी येतीन. तुमच्या वल्ह्यांले आराम."

झुलाल हसला नाही. त्याने तुटलेलं टोक चिमटीत धरलं आणि गोळ्याला परत लावलं.

पाणी पायरीशी

आता ते कारण.

जुन्या गावात एक रीत होती. ज्या घरी शेवया वळायच्या, त्या घरून शिजवलेल्या शेवयांचा पहिला हात पारावर जायचा. पिंपळाखाली पळसाच्या पानावर ठेवायचा आणि मागे न बघता घरी यायचं. त्याला गावाचा वाटा म्हणत. तो कोणी खाल्ला हे कोणी विचारत नसे. शाळेतून पळालेलं पोर असेल, सासूवर रुसलेली सून असेल, गाय असेल, फकीर असेल. गावातलं जे उपाशी असेल त्याने घ्यावा, एवढंच.

मग गाव बुडालं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात धुरपदाबाईचा नवरा पुना गेला होता. नदीकाठी त्याला जाळलं ती जागाही बुडाली. ती टेकाडावर राहिली आणि रोज पहिला हात पाण्यात सोडत राहिली. ओंजळ पाण्याला लावायची, शेवया पांढऱ्या केसांसारख्या क्षणभर पसरायच्या, मग खालून काहीतरी यायचं आणि त्या नाहीशा व्हायच्या. गावाने घेतलं, असं ती म्हणायची. कधी कधी हळूच म्हणायची, पुनाने घेतलं. रीत तीच होती, पण तिच्या मनात ती हळूहळू मेलेल्यांची झाली होती, आणि हे तिला कळलं नव्हतं.

तिचा मुलगा अभिमन जळगावला डाळमिलमध्ये होता. दर सुटीला तो यायचा, ताट संपवायचा आणि मग तेच बोलणं निघायचं.

"माय, चाल आता. तुही सून कुंदा रोज इचारते. दोन खोल्या झाल्या आपल्या."

"गावाले कोन जेवू घालीन?"

"मासे खातात ते."

"मंग मासे कोन्या गावचे हायेत?"

अभिमन हात धुवायला उठायचा. एकदा मात्र त्याने हात धुता धुता विचारलं, "आन गावानं खानं सोडलं त?"

"त येईन. शब्द दिला. तुह्या मिलच्या भोंग्याखाली निजीन आन डाळीचा भुसा नाकात घेईन."

असं ती हसत म्हणाली होती. गाव खाणं सोडेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

औंदा पाणी पायरी उतरलं. मग पार उघडा पडला, पिंपळाच्या काळ्या बुंध्यासकट. पहिला हात सोडायला जवळ पाणीच उरलं नाही. मग धुरपदाबाई टेकाडावरून उतरली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिने वाटा पारावर ठेवला, पळसाच्या पानावर, मागे न बघता.

दुसऱ्या सकाळी तो तसाच होता. त्याच्या पुढच्या सकाळीही. कावळा म्हणाल, तर झाडं बुडून वाळली तेव्हापासून कावळे इकडे फिरकतच नव्हते. बगळ्यांना मासळीशिवाय काही दिसत नाही. गाळात मुंगीही नव्हती. शेवया पानावर वाळून तारेसारख्या ताठ झाल्या. ती रोज जुना वाटा उचलायची, नवा ठेवायची. मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी एका दुपारी जेवायला आलेल्या केळीच्या व्यापाऱ्याला तिने सांगितलं, "जळगावले जाता ना भाऊ, माह्या पोराले निरोप द्या. गावानं खानं सोडलं म्हना. अखाजीले ये म्हना."

झुलाल पाण्याचा हंडा घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं. हंडा तसाच खाली ठेवून तो नावेकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

पाणी पाराच्या खाली, फार खाली

मग एका सकाळी पान रिकामं होतं.

धुरपदाबाई पारासमोर उभी राहिली. पान चाटून पुसून स्वच्छ होतं, त्यावर शेवईचा तुकडाही नव्हता. अंगात वारा भरावा तशी ती टेकाडावर परत आली आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला तिने न मागता वाढलं. दुसऱ्या सकाळीही पान रिकामं. पुना जिवंत असताना असाच ताट चाटायचा, हे आठवून ती एकटीच हसली. कोणाकडून तरी अभिमनला दुसरा निरोप धाडावा, येऊ नको म्हणावं, असं तिने ठरवलं.

तिसऱ्या सकाळी तिला गाळात पावलं दिसली.

लहान होती, बोराएवढी. पारावरून उतरून ती जुन्या गावात गेली होती. धुरपदाबाई त्यांच्या मागे निघाली. भिंती केव्हाच विरघळल्या होत्या. उरली होती ती दगडी जोती, आणि त्यांच्यामधून गल्ल्या, भेगाळलेल्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. पावलं भागाबाईच्या ओट्यावर चढली होती आणि उतरली होती. चावडीपाशी थोडा वेळ गोल गोल फिरली होती. एका शिंपल्यापाशी थांबली होती. शिंपी आळीत वळली, विहिरीच्या काठाला लांबून टाळून गेली. धुरपदाबाईला वाटलं, आपण नाही चालत; गाव आपल्याला चालवत नेतंय, आणि त्याने आज मुद्दाम छोटे पाय लावलेत. डोक्यावरून, कुठल्यातरी खूप उंच पाण्यातून, कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं. तिने वर पाहिलं. नुसतं ऊन होतं.

पावलं तिच्याच उंबऱ्यात शिरली.

घराचं जोतं होतं, उंबऱ्याचा दगड होता, आणि आत, जिथे तिची चूल होती त्या खोलगट जागेत, कुत्र्याचं एक पिल्लू निजलं होतं. बदामी रंगाचं, एक कान उलटा, पोट डफासारखं ताणलेलं. झोपेत त्याचे ओठ हलत होते. तोंडाच्या कडेला शेवईचा एक तुकडा चिकटला होता. आणि त्याच्या अंगाखाली घडी करून नीट पसरलेला लाल चौकड्यांचा गमछा होता, जो गेली कित्येक वर्षं धुरपदाबाई झुलालच्या खांद्यावर बघत आली होती.

ती उंबऱ्यावर बसली. कितीतरी वेळ बसली. मग पिल्लू गमछ्यासकट उचललं आणि पदराखाली घेऊन टेकाड चढली.

दुपारी पाट मांडला. झुलाल खाली येऊन बसला. पिल्लू चुलीमागे बांधलेलं होतं, दिसत नव्हतं.

"झुलालभाऊ, गमछा कुठी गेला तुमचा?"

"वाहून गेला असंन."

"वाहायले पानी कुठी हाये?"

झुलालने सूत ओढलं. "मंग उडाला असंन."

"उडाला, आन माह्या चुलीपाशी पडला. वरतून त्याच्यावर कोनी निजेल होतं."

"कोन?"

"तुमचा सोयरा. बोदवडच्या बाजारातून आनला का स्टेशनावरून?"

झुलालचं सूत तुटलं नाही. ते तो सावकाश काडीवर घेत राहिला. "स्टेशनावरून," तो म्हणाला. "हमाल म्हने घेऊन जा, माय मेली त्याची. नावेत सारखा रडे. पारावर सोडला त गुमान झाला."

चुलीमागून एक बारीक कुरकुर आली.

"नाव काय ठेवलं?" धुरपदाबाईने विचारलं.

"गावाचा वाटा खातो, कोनाचं ऐकत नही, जेवला का तठीच झोपतो," झुलाल म्हणाला. "सरपंच म्हना."

तिला हसू आलं, ते तिने तळव्याखाली दाबलं. गोळा वाकडा झाला. तिने तो पुन्हा गोल केला.

"भाऊ, तुम्ही मले फसवलं."

"हाव."

"काहून?"

झुलालने बोटांतल्या सुताकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "तुम्ही गेल्यावर मी हे कोनासाठी ओढू, अक्का?"

वरच्या टोकाचा तळवा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. "गावानं त खाल्लं नही ना पन," ती हळूच म्हणाली. "शब्द हाये. मी जाईन."

दुसरा निरोप गेला नाही.

पाणी नदीत

अखाजीला पाणी आपल्या जुन्या पात्रात जाऊन पडलं होतं. लांबून ते एखाद्या चंदेरी दोरीसारखं दिसे. बेट आता बेट नव्हतं. नव्या गावाकडून जुनी गाडवाट सरळ टेकाडापर्यंत उघडी पडली होती. झुलालची नाव वाटेच्या कडेला चिखलात कलंडून रुतली होती, आणि तो तिच्यात बसून, कोरड्या लाकडाला उगीचच डांबर लावत होता.

धुरपदाबाईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अखाजीला आधी पितरांची घागर, पितरांचं ताट, मग आपण. ट्रंक भरून दारात ठेवली होती. पाट फडक्यात गुंडाळून झुलालच्या घरी पोचवला होता. शेवटच्या शेवया शिजवल्या, आणि घागरीपुढे ताट मांडायला ती आत गेली तेवढ्यात सरपंचाने दोरी कुरतडली आणि खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांचा सबंध थर, खाटेखाली निजून, वर तोंड करून, लोंबणारी टोकं ओढत ओढत संपवला. ती बाहेर आली तेव्हा तो उठूही शकत नव्हता. तिने त्याला रागे भरायला हात उचलला आणि तसाच त्याच्या पोटावर ठेवला. पोट गरम होतं.

पळसाच्या पानावर पहिला हात घेऊन ती उतरली. ट्रंक डोक्यावर, पान हातात, मागे डुलत डुलत सरपंच. पारावर तिने पान ठेवलं. यावेळी मागे न बघता जायला घर नव्हतं, म्हणून ती तिथेच बाजूला बसली.

सरपंचाने पान हुंगलं. तिच्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि पारावर आडवा झाला.

अभिमन गाडवाटेने आला. नव्या पँटचे पाय वर दुमडलेले, हातात चपला. गाव बुडालं तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर हे दगड त्याने पाहिले नव्हते. जवळ आला तसा त्याचा चालण्याचा वेग कमी झाला. शाळेच्या जोत्यापाशी तो उभा राहिला, पायाने गाळ उकरून काहीतरी शोधलं, सोडून दिलं. मग पारापाशी येऊन आईच्या पाया पडला.

"हे कुत्रं कोनाचं?"

"सरपंच हायेत."

अभिमनने पानाकडे पाहिलं. शेवया तशाच होत्या, वाऱ्याने वरचा पापुद्रा सुकायला लागला होता. तो मऊ आवाजात म्हणाला, "माय, तूच निरोप धाडला. गाव जेवत नही आता. मी काही बोलत नही. उन्हं चढायच्या आत निघू."

"निघू," ती म्हणाली.

पण उठली नाही. तिला भूक लागली होती. साधी, पोटातली, सकाळपासून काही न खाल्लेल्या बाईची भूक. ही भूक जुन्या गावातली, याच पारावरची होती. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी, सासूने रागाने ताट ओढून घेतलं त्या दुपारी, ती इथे येऊन बसली होती. पानावर कोणाच्यातरी घरच्या शेवया होत्या. तिने आजूबाजूला पाहून त्या खाल्ल्या होत्या, आणि गावाने विचारलं नव्हतं. पुनाने तेवढं पाहिलं होतं, विहिरीवरून, आणि घरी आल्यावर तोही काही बोलला नव्हता.

हे ती कशी विसरली होती? पाणी आलं, आणि तिच्यावरूनही गेलं असावं.

धुरपदाबाईने पान मांडीवर घेतलं. बोटांनी शेवया गोळा केल्या आणि तोंडात घातल्या. गार होत्या. गूळ नव्हता, रस्सा नव्हता, नुसता गहू आणि थोडं मीठ. ती सावकाश चावत राहिली. अभिमन बघत राहिला. लांब नावेत झुलालचा डांबराचा हात थांबला.

"माय, तो वाटा होता ना?"

"हाव."

"गावाचा."

"मंग मी कोन्या गावची हाये?"

अभिमन पाराच्या कडेवर बसला. त्याच्या पायाला लागलेला गाळ वाळून तडकायला लागला होता, आणि तो गाळ कुठला, त्याच्या घरासमोरचा की शाळेसमोरचा, हे आता सांगता येण्यासारखं नव्हतं. मग तो पानाकडे सरकला.

"मी बी सकाळपासून चहावरच हाये."

"हात धुतले का?"

"धुवायले पानी कुठी हाये?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उरलेल्या शेवया पानासकट त्याच्यापुढे सरकवल्या. तो खाताना दोन्ही हातांनी पान धरून, मान खाली घालून खात होता, लहानपणी खायचा तसाच. संपल्यावर त्याने पान चाटलं. ते कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

"गावानं खाल्लं," धुरपदाबाई म्हणाली.

अभिमन उठला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि क्षणभर दोन्हीकडे पाहिलं: इकडे गाडवाट, तिकडे टेकाड. मग टेकाडाकडे चालायला लागला. सरपंच कष्टाने उठला, पोट सावरलं, आणि त्याच्या पुढे होऊन वाट दाखवायला लागला.

पाणी अजून यायचंय

संध्याकाळी फडक्यातून पाट निघाला. वर धुरपदाबाई, खाली झुलाल, खांद्यावर धुतलेला गमछा. मधे अभिमन, दोन्ही हात पुढे करून, सूत कुठून येतं आणि कुठे जातं ते बघत बसलेला. शाळेतल्यासारखा, आणि एका सुताला बोट लावून ते तोडून बसलेला.

"असू दे," झुलाल म्हणाला, आणि टोक गोळ्याला परत लावलं.